खर्जातला खडा

“पद्मा, ह्याला दातच नाहीत की गं,” दादा म्हणाले. त्यांनी कीबोर्डची खालची तीच पट्टी पुन्हा दाबली आणि मान स्पीकरकडं कलती केली. “काल होते. आज कुठं गेले?”

सकाळचे दहा वीस झाले होते. अकराला मुंबईच्या वैशंपायन मॅडम यायच्या होत्या. आणि दादांच्या आवाजाचे दात मीच आदल्या दिवशी दुपारी, ते केस कापायला गेलेले असताना, उपटून ठेवले होते.

“आज गिरणी बंद आहे ना दादा,” मी म्हणाले. “रोज खालून घरघर असते. खोलीच वेगळी वाटतीय, म्हणून आवाज वेगळा लागतोय.”

“व्हय?” त्यांनी क्षणभर विचार केला. “असंल. असंल बाबा.”

त्यांनी विश्वास ठेवला. माझ्यावर ते नेहमीच ठेवायचे, आणि त्या सकाळी मला त्याचाच राग येत होता.

याला आता बारा वर्षं झाली. कोल्हापुरात राजारामपुरीत पोवारांच्या पिठाच्या गिरणीवर दादांची एक खोली होती. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, खिडकीला घोंगडी, मधोमध दोन मोठे स्पीकर. दादा म्हणजे जयसिंग कळंत्रे. तीस वर्षं त्यांनी ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवली. बेस म्हणजे गाण्याच्या तळाशी असलेला तो जाड आवाज, कानापेक्षा छातीत जास्त कळणारा. पुढं ऑर्केस्ट्रे बसले. बरोबरच्या मंडळींनी वाद्यं विकून टाकली. दादांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर लॅपटॉप घेतला आणि मुलाच्या वयाच्या पोरांकडून शिकायला बसले.

मी इंजिनिअर. पुण्यातली नोकरी साहेबाच्या तोंडावर फाइल आपटून सोडलेली. माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो असं आमची आई म्हणते, आणि आई शक्यतो खोटं बोलत नाही. घरी बसले होते तेव्हा दादांनी बोलावलं. त्यांना कॉम्प्युटरात बसणारं एक बेसचं वाद्य बनवायचं होतं. दिसायला पडद्यावर दहाबारा नॉब, वाजवायला समोर कीबोर्ड. प्रोग्राम मी लिहायचा, आवाज त्यांनी घडवायचे. तीन वर्षं आम्ही त्यावर घालवली. वाद्याचं नाव आम्ही ‘खर्ज’ ठेवलं होतं.

वैशंपायन मॅडमच्या कंपनीला खर्ज हवं होतं, पण त्याहून जास्त दादा हवे होते. कंपनीच्या सगळ्या वाद्यांचे आवाज कसे असावेत हे ठरवणारा माणूस म्हणून. अट एकच. मॅडमच्या समोर, कोऱ्या पाटीवरून, एक आवाज घडवून दाखवायचा.

दादांचे कान हीच दादांची सगळी मिळकत होती. आणि त्या कानांना दहा महिन्यांपासून बारीक, धारदार आवाज नीट ऐकू येत नव्हते. ही गोष्ट जगात फक्त मला ठाऊक होती. दादांनाही नव्हती.

मला कसं कळलं ते सांगायचं तर आवाज कसा घडतो ते थोडं सांगावं लागेल. दादा म्हणायचे, “आवाज म्हंजे पाहुणा. दारातनं कसा आत येतो, किती वेळ बसतो आणि उठून कसा जातो, ह्यावरनं त्याचा स्वभाव कळतो.” या येण्या-बसण्या-जाण्याच्या चढउताराला एन्व्हलप म्हणतात, आणि त्यातल्या येण्याला अटॅक. अटॅकचा नॉब शून्यावर नेला की आवाज दार न वाजवता धाडकन घुसतो आणि अगदी सुरुवातीला एक बारीक ‘टक्’ उमटते. दादा तिला खडा म्हणायचे. भात आंबेमोहोराचा असू दे, खडा दाताखाली आला की जेवण संपलं. सेकंदाच्या हजार भागांतले तीन भाग जरी अटॅकला दिले तरी खडा निघून जातो.

दुसरं डिस्टॉर्शन. आवाज मुद्दाम थोडा फाडायचा. त्यानं जाड आवाजाला वर बारीक कडा फुटतात आणि तो मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरवरही उठून ऐकू येतो. दादांच्या हिशेबी ती तांबड्या रश्श्यावरची तरी, तेलाचा तवंग. “तरी दिसली पायजे पद्मा. तिच्यात पोहायची पाळी येऊ नये.”

आणि त्यांचा एक नियम होता. नॉब फिरवताना पडद्याकडं बघायचं, ऐकताना नाही. ऐकायचं ते भिंतीकडं तोंड करून, डोळे मिटून. “डोळ्यानं ऐकणारा माणूस आकडे ऐकतो,” असं ते म्हणायचे. मलाही त्यांनी तसंच उभं करून शिकवलं होतं. शाळेत शिक्षा झाल्यासारखं मी सहा महिने गादीचे टाके बघत उभी राहिले, आणि मग मला ऐकू यायला लागलं.

आदल्या वर्षीच्या जूनमध्ये त्यांनी एक आवाज करून ठेवला आणि घरी गेले. मी तो लावला आणि दचकले. खडा. तोही असा की कपाळात लागला. आणि वर तरीचा थर एवढा की खाली रस्सा दिसेना. मला वाटलं, दमले असतील. मी अटॅक तीनवर नेला, डिस्टॉर्शन निम्म्यावर आणलं आणि फाइल जपून ठेवली. घडलेला आवाज पुन्हा ऐकायची दादांना सवय नव्हती. झालं ते झालं म्हणत ते पुढच्याला लागायचे.

आठवड्यानं पुन्हा तेच. मग दर दोन दिवसांनी. मग रोज.

सांगायला हवं होतं. पहिल्या आठवड्यात सांगता आलं असतं, “दादा, कान तपासून घ्या.” पण त्यांच्या कानाला कुणी बोट लावलेलं त्यांना खपायचं नाही. एका ढोलकीवाल्यानं एकदा चेष्टेत “दादा, वय झालं आता” म्हटलं, तर दादांनी त्याच्याशी महिनाभर अबोला धरला होता. मी तसला अबोला सोसणारी नव्हते. हे झालं एक कारण. दुसरं मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नाही. मला ते काम आवडायला लागलं होतं. खर्ज वापरून बघणारे लोक फोन करून म्हणायचे, दादा, काय आवाज केलाय, आणि दादा माझ्याकडं बघून हसायचे, आणि मला आत गुदगुल्या व्हायच्या. त्या आवाजांत माझाही हात होता आणि ते फक्त मला माहीत होतं.

दिवाळीत मी फराळाला गेले तेव्हा शैलावहिनींनी, म्हणजे दादांच्या बायकोनं, मला स्वयंपाकघरात गाठलं. “पद्मा, ह्यांना कमी ऐकायला येतंय का गं? मी हाक मारली तर ओ देत नाहीत. टीव्ही तर गल्लीला ऐकू जातोय. तू दिवसभर बरोबर असतीस. तुला काय जाणवतं का?”

“छे हो वहिनी,” मी म्हणाले. “दादांसारखे कान अख्ख्या कोल्हापुरात कुणाचे आहेत? बायकोची हाक ऐकू न येणं हा काही रोग नव्हे.”

वहिनी खळखळून हसल्या. माझ्या ताटात आणखी एक करंजी वाढली.

असं ते चाललं, आणि मग मुंबईहून अट आली. समोर बसून घडवायचं. म्हणजे मागून दुरुस्त करायला मला वेळच नाही. म्हणून आदल्या दुपारी मी प्रोग्रामच बदलला. अटॅकचा नॉब शून्य दाखवेल, पण आतून तीनच्या खाली जाणार नाही. डिस्टॉर्शनचा नॉब दहापर्यंत फिरेल, पण आवाज पाचच्या पुढं फाटणार नाही. दादांनी कितीही फिरवलं तरी खोलीत चांगलाच आवाज येईल. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं. एक साधी गोष्ट लक्षात आली नव्हती. त्या दोन नॉबांच्या जोरावरच दादांना थोडंफार काही ऐकू येत होतं, आणि तेच मी काढून घेतलं होतं.

मॅडम अकरा वाजून पाच मिनिटांनी आल्या. मला वाटलं होतं कुणीतरी कडक इस्त्रीची बाई येईल. या जिना चढून धापा टाकत होत्या, पन्नाशीच्या, खांद्याला कापडी पिशवी. चपला बाहेर काढल्या, पाणी मागितलं, पाणी पिता पिता थांबल्या.

“शेजारच्या खोलीत फ्रीज आहे का?”

“आहे,” दादा म्हणाले. “का हो?”

“बंद करता येईल का थोडा वेळ? बारीक शिट्टी येतेय त्याची.”

फ्रीजची शिट्टी मलासुद्धा नीट लक्ष दिल्यावरच ऐकू यायची. मी जाऊन बटण बंद केलं. परत आले तर दादा हसत होते. “मॅडम, कान तयार आहेत तुमचे.”

“पंचवीस वर्षं रेकॉर्डिंग केलंय, सर. दुसरं काही येत नाही मला.”

दादांनी कोरी पाटी उघडली. पहिल्या दहा मिनिटांत मी माझी भीती विसरले. तो माणूस काम करताना बघण्यासारखाच होता. आवाजाची साधी, गुळगुळीत लाट घेतली, तिला खाली उतरवली, बसण्याचा वेळ आखूड केला, जाण्याचा लांबवला. मग वर थोडी तरी सोडली. खोलीतली हवा जड झाली. मॅडम खुर्चीत पुढं सरकल्या. असा आवाज आमच्याकडून तीन वर्षांत झाला नव्हता. मी मनात म्हटलं, दादा, आता थांबा.

दादा भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. “वाजव पद्मा.”

मी पट्टी दाबली.

“नाही,” दादा भिंतीला म्हणाले.

वळून त्यांनी अटॅक पाचावरून तीनवर आणला. भिंत. “वाजव. नाही.” तीनावरून एकवर. भिंत. “नाही.” एकावरून शून्य. डिस्टॉर्शन चार, सहा, आठ. प्रत्येक वेळी ते भिंतीकडं जायचे, प्रत्येक वेळी मी वाजवायचे, आणि खोलीत तोच एक देखणा आवाज यायचा. दादांच्या मानेवर घाम दिसायला लागला.

“कळंत्रे सर,” मॅडम म्हणाल्या, “झालाय हा. आता हात लावू नका.”

“मॅडम, उगंच माझं मन राखू नका.”

“मन राखायला मी मुंबईहून येणार नाही हो. खरंच सुरेख झालाय.”

“ह्याला दात न्हाईत!” दादांचा आवाज चढला. पाहुण्यांसमोर त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. त्यांनी डिस्टॉर्शन दहावर नेलं आणि माझ्याकडं वळले. “पद्मा, तू सांग. तू खोटं बोलायची न्हाईस. कसा लागतोय?”

“चांगला लागतोय दादा.”

“दात हाईत?”

“आहेत.”

ते माझ्याकडं बघत राहिले. भर बाजारात पोराचा हात सुटल्यावर माणूस बघतो तसे. मला तिथून उठून पळून जावंसं वाटत होतं.

“एक मिनिट,” मॅडम म्हणाल्या. त्या पडद्याकडं बघत होत्या. “अटॅक शून्यावर आहे. मग सुरुवातीला टक् का येत नाही?”

मॅडमनी दुसऱ्या नॉबकडं बोट केलं.

“आणि डिस्टॉर्शन दहावर आहे. हे दहाचं डिस्टॉर्शन नाही. चारनंतर आवाज फारसा बदललेलाच नाही.”

“बग आहे,” मी म्हणाले. माझ्या तोंडातून ते इतक्या पटकन आलं की मीच चमकले. “काल मी प्रोग्राममध्ये बदल केलाय. चूक माझी आहे. दादांचा काही संबंध नाही.”

“कालच्या आधीचं काही आहे? त्यावर लावून बघू.”

“नाही,” मी म्हणाले.

“आहे की!” दादा एकदम खुलले. त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. बिघाड वाद्यात आहे, आपल्यात नाही, हे ऐकून त्यांना केवढं हायसं वाटलं होतं. “माझ्या लॅपटॉपवर जुनंच आहे. ही पोरगी रोज नवं काढती, मी घेतच न्हाई. थांबा मॅडम, आत्ता दावतो.”

“दादा, तो लॅपटॉप नको,” मी म्हणाले. “स्लो आहे तो.”

“स्लो असू दे की. मॅडमना कुठं गाडी गाठायचीय?”

त्यांनी स्वतः वायर जोडली. स्वतः सगळे आकडे तसेच्या तसे भरले. अटॅक शून्य, डिस्टॉर्शन दहा. मी त्यांच्या हाताकडं बघत होते. अजूनही बोलता आलं असतं. दादा, जरा बाहेर या, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी कीबोर्ड माझ्याकडं सरकवला, भिंतीपाशी जाऊन उभे राहिले आणि डोळे मिटले.

“वाजव.”

मी वाजवलं.

पत्र्यावर कुणी कोयता आपटावा तसा तो आवाज आला. आधी टक्, मग चिरफाड. मॅडमचा तळहात कानावर गेला. माझे खांदे वर आले, डोळे बारीक झाले. खालचा खर्ज कुठल्या कुठं गेला होता.

“हां!” दादा भिंतीला म्हणाले. “आलं! पुन्हा वाजव!”

मी पुन्हा वाजवलं. तेवढ्यात ते वळले. “मॅडम, हे बघा, ह्याला म्हणतात...”

त्यांचा चेहरा लख्ख झाला होता. तो आनंद मी विसरू म्हटलं तरी विसरू शकत नाही. मग त्यांना मॅडमचा कानावरचा हात दिसला. मग मी दिसले. मी अजून पट्टी दाबून धरलेली होती आणि माझं तोंड वाकडं झालेलं होतं. मी बोट उचललं.

“काय झालं?” दादांनी विचारलं.

मॅडमनी हात खाली घेतला. “सर, आत्ता टक् ऐकू आली तुम्हाला? सुरुवातीची?”

दादांनी माझ्याकडं पाहिलं. “होती?”

मी होकारार्थी मान हलवली.

त्यांनी पडद्यावरच्या शून्याकडं पाहिलं. स्वतः आयुष्यभर ज्याला खडा म्हटलं तो तिथं असायलाच हवा होता, आकडा सांगत होता. ते खुर्चीवर बसले. शर्टाच्या बाहीनं मान पुसली. त्यांना खोटं बोलता आलं असतं, आली की म्हणून वेळ मारून नेता आली असती. मी त्यांच्या जागी असते तर नेली असती.

“मला न्हाई आली, मॅडम,” ते म्हणाले.

मॅडमनी आपली खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. “कंपनीचं नंतर बोलू. कान कधी दाखवलेत?”

“कशाला दाखवायचे?”

“आज दाखवा. उद्यावर ढकलू नका. कानाच्या काही दुखण्यांत दिवस मोजायचे असतात.”

मी त्यांना सोडायला जिना उतरले. बंद गिरणीच्या दारापाशी त्या थांबल्या आणि माझ्याकडं न बघता चपलेचा पट्टा लावत म्हणाल्या, “बग असा बरोब्बर तीनवर येऊन थांबत नाही, पद्मजा.”

मी गिरणीच्या कुलपाकडं बघत राहिले.

“तुला माहीत होतं.”

त्यांनी मला बोल लावला असता तर मी भांडले असते. भांडायला मला कारण लागत नाही. पण त्या रिक्षात बसल्या आणि गेल्या.

साडेचारला आम्ही कानाच्या डॉक्टरांकडं होतो. दादा, वहिनी आणि मी. दादांना त्यांनी काचेच्या एका छोट्या खोलीत बसवलं, कानावर हेडफोन, हातात एक बटण. आवाज ऐकू आला की दाबायचं. मी काचेबाहेर उभी होते. तपासणाऱ्या बाई एकेक आवाज सोडत होत्या आणि समोरच्या कागदावर खूण करत होत्या. जाड आवाजांना दादांचा अंगठा टपाटप चालत होता. मग आवाज बारीक होत गेले. बाई आवाज सोडायच्या, वाढवायच्या, आणखी वाढवायच्या. दादा डोळे मिटून, मान किंचित कलती करून, अगदी मनापासून ऐकत बसले होते. अंगठा बटणावर तयार होता. कागदावरच्या खुणा खाली खाली उतरत होत्या.

एकदा त्यांनी नुसतंच दाबलं. आवाज नव्हता. बाईंनी ती खूण केली नाही.

डॉक्टरांनी कागद बघितला. “दोन्ही कान गेलेत वरच्या आवाजांना. कधीपासून होतंय हे?”

“आजच कळलं,” दादा म्हणाले.

“दिवाळीच्या आधीपासून असंल,” वहिनी म्हणाल्या. “टीव्ही मोठा लावायला लागले तेव्हा.”

“नीट आठवून सांगा. हळूहळू वर्षानुवर्षं कमी होत गेलं, की थोड्या महिन्यांत झालं? यावर बरंच अवलंबून आहे.”

दादा आणि वहिनी एकमेकांकडं बघायला लागले. त्यांना सांगता येईना. सांगता येणारं माणूस त्या खोलीत एकच होतं.

“दहा जूनपासून,” मी म्हणाले. “मे महिन्यात काहीही नव्हतं. जूनमध्ये सुरू झालं. ऑगस्टपर्यंत वाढत गेलं, मग दिवाळीनंतर एकदम जास्त झालं.”

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. “तुम्ही कोण?”

“मी त्यांच्याबरोबर काम करते.”

“आणि तुम्हाला इतकी नेमकी तारीख कशी काय माहीत?”

मग मी सांगितलं. पहिल्या आवाजापासून आदल्या दुपारपर्यंत. कुठं नॉब किती मागं घेतला, कसा घेतला, सगळं. मी दादांकडं बघत नव्हते. टेबलावर कानाचा एक प्लास्टिकचा नमुना होता, त्याच्याकडं बघून बोलत होते. बोलून झाल्यावर सगळ्यांत आधी वहिनी बोलल्या, अगदी हळू.

“मी तुला विचारलं होतं, पद्मा.”

डॉक्टर समजावून सांगत होते. काही जणांत शरीरच आपल्या आतल्या कानावर उलटतं. थोड्या महिन्यांत दोन्ही कान उतरतात. रक्त तपासावं लागेल, पण लक्षणं तशी दिसतायत.

“औषध हाय का?” दादांनी विचारलं.

“आहे. ते लवकर सुरू करावं लागतं.”

“म्हंजे मी जूनमध्येच आलो असतो तर?”

डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला. “खात्री मी तेव्हाही दिली नसती. पण पुष्कळ वाचलं असतं, अगदी दिवाळीला आला असता तरी. आता जे आहे ते टिकवायचा प्रयत्न करू.”

वहिनी औषधं आणायला गेल्या. आम्ही दोघं दवाखान्याच्या पायरीवर बसलो. समोरून शाळा सुटलेल्या पोरांच्या सायकली घंट्या वाजवत चालल्या होत्या. दादा त्या सायकलींकडं बघत होते. त्यांना घंट्या ऐकू येतायत का, असं विचारायचं मला धाडस झालं नाही.

“तू नीट करून ठेवायचीस ते आवाज,” ते म्हणाले. “चांगले व्हायचे का गं?”

“व्हायचे दादा.”

“मग बरं.”

मला रडू फुटलं. मी चारचौघांत रडत नाही, पण त्या दिवशी रडले. दादांनी खिशातला रुमाल काढून दिला आणि नाक पुसेपर्यंत थांबले.

“मला सांगायचंस की पद्मा.”

“तुम्ही रागावला असता.”

“रागावलोच असतो की.” ते सरळ म्हणाले. “लई रागावलो असतो. आठ दिवस तुझ्याशी बोललो नसतो. मग शैलानं समजूत काढली असती आणि मी हितं आलो असतो.” त्यांनी बोटावर काहीतरी मोजल्यासारखं केलं आणि सोडून दिलं. “आठ दिवस. फार तर पंधरा. एवढ्याला तू भ्यालीस व्हय?”

औषधानं खालचे आवाज राहिले, वरचे परत आले नाहीत. खर्ज कंपनीनं घेतलं. जागा मात्र दादांनी स्वतः फोन करून नाकारली. पुढं नऊ वर्षं ते होते. कानाला मशीन लावून रोज गिरणीवरच्या खोलीत यायचे, भिंतीकडं तोंड करून उभे राहायचे आणि विचारायचे, “पद्मा, खडा हाय का?” मी खरं ते सांगायचे. कधी हो म्हणायचे, कधी नाही. वहिनींनी माझ्याशी बोलणं तोडलं ते तोडलं, आणि ते मला रास्त वाटतं. दादांनी एकदाही आवाज चढवला नाही, एकदाही तोंड फिरवलं नाही. मी दरवर्षी जून आला की मनात म्हणायचे, यंदा रागावतील. ते अबोल्याचे आठ दिवस त्यांनी मला शेवटपर्यंत दिले नाहीत.